फुकट चष्म्याचं आमंत्रण

चष्मेवाल्यांचं दुकान बाजाराच्या वळणावर, दोन पायऱ्या चढून वर होतं. पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, मागे पडद्याआड तपासणीची खोली. खोली इतकी लहान की खुर्ची आणि तक्ता यांत लागतं तेवढं अंतर बसत नव्हतं. म्हणून अक्षरांचा उलटा तक्ता त्यांनी खुर्चीच्या डोक्यावर टांगला होता आणि समोरच्या भिंतीवर आरसा लावला होता. गिऱ्हाइकानं आरशात बघून वाचायचं. एकोणतीस वर्षं त्यांनी या खोलीत गावाचे डोळे तपासले. कोणाला किती नंबर आहे, कोण लग्न जमेपर्यंत चष्मा खिशात ठेवतं, कोणता मास्तर फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर वाचू शकत नाही, हे सगळं त्यांना ठाऊक होतं आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. एकामागून एक भिंग बदलत ते विचारायचे, "आता बरं दिसतं, की मगाशी बरं दिसत होतं?" आवाज इतका मऊ की म्हातारी माणसं खुर्चीतच पेंगायची.

हाच माणूस रविवारी दुपारी मैदानावर ओळखू यायचा नाही.

गावाच्या फुटबॉल संघाचे ते सव्वीस वर्षांचे चाहते. गॅलरीत तिसऱ्या ओळीतली त्यांची जागा ठरलेली. शेजारी त्यांचे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. मेहुण्यांचं सिमेंट आणि फरशीचं दुकान होतं आणि समर्थक मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. निकाल आपल्या संघाच्या विरुद्ध गेला की चष्मेवाले उठायचे, दोन्ही हातांचा कर्णा करायचे आणि ओरडायचे, "पंचसाहेब, दुकानात या! चष्मा फुकट!" गॅलरी खदाखदा हसायची. पुढेपुढे तर निकाल लागला की लोक मैदानाकडे बघायच्या आधी वळून त्यांच्याकडेच बघायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. पंच हा प्राणी शिव्या खाण्यासाठीच जन्माला येतो, अशी त्या गॅलरीची पक्की समजूत होती.

त्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात संघाला नुसती बरोबरी हवी होती. हरलो तर खालच्या गटात घसरण. एका गोलनं मागे असताना, दोन मिनिटं उरली असताना, संघाच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूनं लांबून जोरात चेंडू मारला. तो गोलच्या आडव्या दांड्याला खालून लागला, सरळ खाली आपटला आणि गरगरत मैदानात परत आला. गोलरक्षकानं झडप घालून तो छातीशी धरला. सगळी गॅलरी गोल म्हणून उभी राहिली. पंचांनी हात हलवला, खेळ चालू. गोल दिला नाही. संघ घसरला.

चष्मेवाल्यांनी चेंडू आत आपटलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. स्वच्छ, हातभर आत. त्या दिवशी त्यांनी चष्म्याचं काही म्हटलं नाही. ते काय ओरडले ते नंतर त्यांना नीट आठवतही नव्हतं, पण घसा तीन दिवस बसला होता. सामना संपल्यावर लोकांनी पंचांची खोली दीड तास घेरून ठेवली. दारावर लाथा बसल्या. शेवटी पोलिसांनी पंचांना मधे घालून बाहेर काढलं, तेव्हा चष्मेवाल्यांच्या हातात अर्धी भरलेली पाण्याची बाटली होती. ती त्यांनी फेकली. आयुष्यात त्यांनी कोणावर साधा खडूही फेकला नव्हता. बाटली पंचांच्या खांद्यावर बसली. पंचांनी मागे वळून पाहिलं आणि पुढे चालू लागले. मेहुण्यांनी चष्मेवाल्यांच्या पाठीवर थाप मारली.

पंच कोणी परका नव्हता. गावाच्या पलीकडच्या टोकाला राहायचा, पाणीपुरवठा खात्यात मीटरचे आकडे घेण्याचं काम करायचा. रविवारी शिट्टी, बाकी सहा दिवस दारोदार. वय पंचेचाळीस, अंगानं शिडशिडीत, बोलणं मोजकं. संघटनेचे नियम कडक असल्यामुळे सामन्याबद्दल तो कुठे चकार शब्द काढायचा नाही, आणि न बोलणारा माणूस लोकांना नेहमीच दोषी वाटतो.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांच्या सिमेंटच्या गोदामात मंडळाची बैठक झाली. पोत्यांवर बसून तीस-पस्तीस माणसं एकाच वेळी बोलत होती. कोणाच्या तरी मोबाइलवर त्या क्षणाची चित्रफीत होती, पण ती दुसऱ्या टोकावरून घेतलेली, हललेली. ज्याला जे बघायचं ते त्यात दिसायचं. एकजण म्हणाला, खेळाडू चुकला तर त्याला बसवतात, प्रशिक्षक चुकला तर काढतात, पंच चुकला तर पुढच्या रविवारी दुसऱ्या गावात तोच शिट्टी वाजवतो. याला कोणी जाब विचारायचा की नाही? यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि खरं सांगायचं तर त्या बैठकीत बोललेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य तेच होतं. मग संघटनेकडे करायच्या तक्रारीचा मसुदा झाला. पंच नजरेनं अधू आहे, त्याला काढा, असा त्याचा सूर. खाली प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सह्या. मेहुण्यांनी पेन पुढे केलं.

"जावईबापू, पहिली सही तुमची. डोळ्यांचा माणूस सांगतोय म्हटल्यावर कोणाची बिशाद आहे नाही म्हणायची?"

चष्मेवाल्यांनी ऐटीत सही ठोकली. प्रत्यक्षदर्शी क्रमांक एक.

मंगळवारी सकाळी दुकान उघडून ते काचा पुसत होते. पायऱ्यांवर पावलं वाजली. वर बघतात तर पंच. खांद्याला पाणीपुरवठ्याची पिशवी, हातात आकडे लिहायची वही.

"सव्वीस वर्षं बोलावताय. आलो," पंच म्हणाला.

चष्मेवाल्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांनी विचारलं की नंबर तपासायचा आहे का.

"तुम्हीच म्हणता ना, मला दिसत नाही. तक्रारीच्या मसुद्यातही तसंच लिहिलंय, कालच माझ्या कानावर आलं. तपासा. आणि जे निघेल ते कागदावर लिहून द्या."

चष्मेवाल्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवताना त्यांचे हात त्याच्या खांद्याला लागले आणि त्यांनी ते झटकन मागे घेतले. डावा डोळा झाकून उजव्यानं वाचायला सांगितलं. पंचानं तक्ता वरपासून खालपर्यंत न अडखळता वाचला. सगळ्यात खालची बारीक ओळ, जी गावात शाळकरी पोरांखेरीज कोणी वाचत नव्हतं, तीही वाचली. उजवा डोळा झाकला, पुन्हा तेच. पाठ झालं असेल म्हणून चष्मेवाल्यांनी दुसरा तक्ता लावला. तोही त्यानं वाचला, शिवाय तळाशी बारीक छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. बाजूची नजर तपासली, रंग तपासले, डोळ्यांत बॅटरी मारून आतला पडदा पाहिला. डोळे नव्या भिंगासारखे स्वच्छ. दोन्ही सहा बाय सहा.

त्यांनी तसं लिहून दिलं. पंचानं कागद वाचला, घडी घालून वहीत ठेवला.

"बाटली तुमचीच होती ना?" त्यानं विचारलं.

चष्मेवाले काच पुसायच्या फडक्याच्या घड्या घालत राहिले.  पंच तपासणीचे पैसे काउंटरवर ठेवून पायऱ्या उतरून गेला. फुकट काही नको होतं त्याला.

समोरच्या सायकलवाल्यानं हे सगळं पंक्चर काढता काढता पाहिलं होतं. दुपारपर्यंत गावभर झालं की पंच चष्मेवाल्यांकडे येऊन गेला. संध्याकाळी गोदामात पुन्हा सगळे जमले आणि चष्मेवाल्यांना मधोमध एका पोत्यावर बसवलं. मेहुणे खुशीत होते. म्हणाले, मासा आपणहून टोपलीत आला. आता किती नंबर निघाला तेवढं सांगा, की तक्रारीला जोडून टाकू.

इथे चष्मेवाल्यांनी गप्प बसायला हवं होतं. एकोणतीस वर्षं ते गप्पच बसत आले होते. पण समोर तीस माणसं, मेहुणे टेकून उभे, आणि मनात कुठेतरी ती बाटली. त्यांना वाटलं, खरं सांगितलं तर निदान त्या माणसाचं एवढं तरी भलं होईल.

"त्याचे डोळे उत्तम आहेत. तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले," ते म्हणाले.

गोदामात शांतता झाली. चष्मेवाल्यांना वाटलं, लोक विचारात पडले. तेवढ्यात सायकलवाला हळूच म्हणाला, "म्हणजे त्याला दिसलं होतं. दिसूनही दिला नाही."

मेहुण्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मसुदा उचलला, 'नजरेनं अधू' यावर काट मारली आणि वर लिहिलं, 'हेतुपुरस्सर'. कोणीतरी म्हणालं, किती घेतले असतील. कोणीतरी आकडाही सांगितला. चष्मेवाले उठून सांगू लागले की मला असं म्हणायचं नव्हतं, डोळे चांगले असले तरी माणसाला सगळं दिसतंच असं नाही. पण आता त्यांचं ऐकतो कोण? त्यांच्याच सहीखाली, त्यांच्याच शब्दावर, अधू माणूस चोर झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पुढचे तीन आठवडे पंचाला गावात काम करणं मुश्किल झालं. तो मीटरचा आकडा घ्यायला आला की फाटकं उघडायची नाहीत. उघडली तर कोणी कुत्रं मोकळं सोडायचं, कोणी वरच्या मजल्यावरून वहीवर पाणी ओतायचं. एका घरात बाईनं विचारलं, आमचा आकडा तरी खरा लिहिणार का, की तिथेही कोणी पैसे देतं? त्याच्या स्कूटरची सीट कोणीतरी पात्यानं उभी चिरली. त्याची मुलगी शिकायला बाहेरगावी होती, तिला अनोळखी नंबरांवरून फोन जायला लागले. खात्यानं त्याचा भाग बदलला, पण गाव केवढं, नवा भाग किती दूर असणार.

एक दिवस तो दुकानासमोर येऊन उभा राहिला. या वेळी पायऱ्या चढला नाही.

"मी कागद मागितला होता, तो तुम्ही दिलात. तो संघटनेला द्यायचा होता. माझे डोळे चव्हाट्यावर मांडायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

चष्मेवाले म्हणाले, "मी तुमच्या भल्यासाठी बोललो."

"काल माझ्या मुलीला एकानं फोनवर विचारलं, बापानं तुझ्या फीचे पैसे कुठून आणले. हे माझं भलं." एवढं बोलून तो गेला. आवाज त्यानं जराही चढवला नव्हता. आत दोन गिऱ्हाइकं बसली होती. दोघांनीही फ्रेमा निवडण्यात फार लक्ष आहे असं दाखवलं.

त्या रात्री चष्मेवाल्यांना झोप आली नाही असं नाही, पण सकाळी उठले ते एकच विचार घेऊन. डोळ्यांच्या धंद्यातला माणूस, त्याला एक गोष्ट इतके दिवस कशी सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. त्यांनी बायकोला म्हटलं, माझ्याबरोबर मैदानावर चल.

बायकोनं फुटबॉलला जन्मभर सवतीसारखं वागवलं होतं. ती म्हणाली, "अहो, आता काय राहिलंय तिथे? संघ बुडाला, माणसं बुडाली, तुम्ही तेवढे तरंगताय." पण चप्पल घातली. वाटेत त्यांनी एक चेंडू विकत घेतला.

मैदान रिकामं होतं. राखणदार ओळखीचा, त्यानं फाटक उघडून दिलं. चष्मेवाल्यांनी बायकोला गोलच्या रेषेवर नेऊन समजावलं की सबंध चेंडूनं सबंध रेषा ओलांडली तरच गोल. रेषेवर तसूभर जरी राहिला तरी नाही. मग सांगितलं, दहा वेळा चेंडू वेगवेगळ्या जागी धर, कधी रेषेच्या आत, कधी बाहेर, कधी जमिनीला टेकवून, कधी वीतभर वर, आणि खरं काय ते कागदावर लिहून ठेव. मला सांगू नकोस. स्वतः गॅलरीत तिसऱ्या ओळीत आपल्या जागी जाऊन बसले. ती जागा मैदानाच्या मध्याकडे झुकलेली, तिथून गोल तिरका दिसायचा.

बायको पदर खोचून वाकून उभी. ती चेंडू धरायची, ते ओरडायचे, "आत!" ती लिहायची. "आत!" ती लिहायची. "बाहेर!" राखणदार विडी विझवून बघत राहिला.

दहा झाल्यावर ते खाली आले आणि कागद पडताळला. त्यांनी आठ वेळा आत म्हटलं होतं. खरोखर आत होता तीन वेळा.

"पाच चुकलात," बायको म्हणाली. "चेंडू मी हातात धरून उभी होते. हलतसुद्धा नव्हता."

चष्मेवाल्यांना गणित कळलं होतं. तिरकं बघितलं की पुढची वस्तू मागच्या रेषेवर पडते. चेंडू जरा जमिनीवरून उचललेला असला तर आणखीच मागे. त्या जागेवरून बाहेरचा चेंडू आत दिसणारच. ते ज्याला 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं' म्हणत होते, ते त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. आणि सही मात्र त्यांची होती. ते गोलखांबाला टेकून उभे राहिले. बायकोनं तेवढ्यात चेंडू पायानं ढकलून गोलमध्ये घातला आणि म्हणाली, "चला, हा तरी नक्की आत आहे."

घरी जाण्याआधी ते थेट मेहुण्यांच्या दुकानात गेले आणि झालं ते सांगितलं. मेहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की हे आणखी कोणाला सांगितलंत का. चष्मेवाले नाही म्हणाले. मेहुणे म्हणाले, "मग सांगू नका. चेंडू आत होता हे सगळ्या गावानं पाहिलंय. तुम्हाला आज अक्कल आली म्हणून तो बाहेर जाणार नाही." वर हेही म्हणाले की पस्तीस सह्या तुमच्या सहीमागे झाल्यात, तुम्ही मागे फिरलात तर त्या पस्तिसांनी तोंड कुठे लपवायचं? आणि मी? तक्रारीवर संघटनेनं सुनावणी ठेवली होती, तिथे खरं ते सांगेन, असं चष्मेवाले म्हणाले. मेहुण्यांनी हिशेबाच्या वहीवरून नजर न उचलता एवढंच म्हटलं, "मग जावईबापू, त्या दिवसानंतर माझ्या दारात पाऊल टाकू नका."

सामन्याला दोन महिने होत आले तेव्हा संघटनेच्या कचेरीत सुनावणी झाली. एका छापखान्याच्या वर लांबट खोली, खालून यंत्राची धडधड, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलामागे तीन सदस्य. मधे सचिव बसलेले. गोरेगोमटे, सतत घड्याळ बघणारे. एका बाजूला मंडळाची वीसेक माणसं, दुसऱ्या बाजूला पंच एकटा. त्याच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या आणि रिकाम्याच राहिल्या.

मेहुण्यांनी तक्रार वाचून दाखवली. सचिवांनी प्रत्यक्षदर्शी क्रमांक एकला उभं केलं आणि विचारलं की चेंडू रेषेच्या आत पाहिला होता का.

"तसं लिहून दिलंय. ते मी मागे घेतो," चष्मेवाले म्हणाले. "माझ्या जागेवरून ते दिसूच शकत नाही. मी मैदानावर जाऊन पडताळून आलोय. आणि हेतुपुरस्सर हा शब्द माझ्या सहीनंतर घातलाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "विकला गेला." दुसरा म्हणाला, "त्याच्याकडेच चष्मा करायला गेला होता ना तो, तेव्हाच ठरलं असेल." कोणीतरी खुर्ची मागे ढकलली. चष्मेवाल्यांच्या मानेवर काहीतरी ओलं आदळलं. चहाचा कागदी कप होता. त्यांनी मान पुसली आणि वळून बघितलं नाही.

सचिवांचा चेहरा मात्र उजळला. ते म्हणाले की मग तक्रारीत काही उरलंच नाही, आणि फाइलची दोरी बांधू लागले. तेव्हा चष्मेवाल्यांचा तोल गेला. इतके दिवस ते पंचावर चिडले होते, मग स्वतःवर. आता त्या दोरीवर चिडले.

"उरलंय कसं नाही? मला दिसलं नाही म्हणजे गोल नव्हता असं नाही. दोन महिने या माणसाला गाव खातंय. ज्यानं निर्णय दिला त्याला आजवर कोणी एक प्रश्न विचारला नाही. तुम्हीही नाही. तो समोर बसलाय. विचारा की."

सचिव म्हणाले की पंच आपल्या निर्णयावर बोलत नाहीत, तसा नियम आहे, आणि तो पंचांच्याच संरक्षणासाठी आहे. हे ऐकून मंडळाची माणसंही हसली. त्या खोलीत दोन्ही बाजू एकत्र हसल्या ते तेवढंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर म्हणे संरक्षण.

पंच उठला. सचिवांनी हातानं बसा म्हणून खूण केली. तो बसला नाही.

"मला दिसलं नाही," तो म्हणाला. "मी पेनल्टीच्या चौकटीच्या कडेला होतो, मधे दोन खेळाडू आले. रेषापंच मागे राहिला होता, त्यालाही दिसलं नाही. जे दिसलं नाही ते देता येत नाही, म्हणून दिला नाही. गोल झालाही असेल. मी त्याच संध्याकाळी अहवालात हे लिहून दिलंय. तो तुमच्या फाइलीत आहे."

 मग मेहुणे उभे राहिले आणि बोट रोखून म्हणाले, "झालाही असेल. ऐकलंत? कबूल केलं." आणि खोली पेटली. पंचाच्या अंगावर माणसं धावली, मधे टेबल आलं म्हणून थांबली. 'दिसलं नाही' हे कोणी ऐकलंच नव्हतं. चष्मेवाले पंचाच्या पुढे जाऊन उभे राहिले, तर पंचानंच त्यांना कोपरानं बाजूला केलं.

आठ दिवसांनी संघटनेचं पत्र आलं. तक्रार फेटाळली. निकाल कायम. आणि निर्णयाबद्दल जाहीर वक्तव्य करून शिस्तभंग केल्याबद्दल पंच एका वर्षासाठी निलंबित. चुकला असता तर काही झालं नसतं; खरं बोलला म्हणून गेला. अहवाल दोन महिने दाबून ठेवणाऱ्या सचिवांचं पत्राखाली नाव होतं, शिक्का होता, सही होती.

मंडळानं फटाके लावले नाहीत एवढंच. पंच गेला, त्यांना तेवढं पुरे होतं. चष्मेवाल्यांचं सभासदत्व रद्द झालं आणि त्यांच्या जागेवर दुसऱ्याचं नाव लागलं. दुकानाच्या पाटीवर कोणीतरी डांबर फासलं, ते रॉकेलनं पुसताना अर्धी अक्षरंही गेली. गिऱ्हाइकं पहिल्या महिन्यात निम्म्यानं घटली, मग हळूहळू परतली, कारण दुसरा चष्मेवाला एक तास लांब होता. सायकलवाला समोर असूनही बघेनासा झाला. मेहुण्यांनी शब्द पाळला. बायको एकदा एकटीच भावाकडे गेली. दादा, तुझं भांडण त्यांच्याशी आहे की खरेपणाशी, असं तिनं विचारलं म्हणे. दादा म्हणाले की तुझ्या नवऱ्यानं मला वीस माणसांसमोर खोटं पाडलं. ती पाणीही न पिता परत आली.

चष्मेवाल्यांनी मग एक अर्ज लिहिला. पंचाचं निलंबन मागे घ्या, पंचांना आपला निर्णय समजावून सांगायची मुभा द्या आणि गोलच्या रेषेवर एक जादा माणूस उभा करा. दारोदार फिरून त्यांना अकरा सह्या मिळाल्या. एक बायकोची, एक राखणदाराची. आणि खरंच नवल म्हणजे सामन्यात तो चेंडू मारणाऱ्या खेळाडूची. तो म्हणाला, मलासुद्धा कळलं नव्हतं, पण ओरडायचं असतं म्हणून ओरडलो.

अर्ज घेऊन ते पंचाच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दाराबाहेर चिरलेली सीट काढून टाकलेली स्कूटर. पंचानं दारातच उभं राहून अर्ज वाचला, दोन्ही पानं, शांतपणे. मग परत दिला.

"पाठवू नका," तो म्हणाला.

"का? यात तुमच्या फायद्याचंच आहे."

"तुम्ही माझ्यासाठी काही करू नका. तुम्ही काही केलंत की माझंच वाटोळं होतं. ओरडलात तेव्हा झालं, खरं बोललात तेव्हाही झालं."

चष्मेवाल्यांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बाटली मीच फेकली होती. चुकलो मी."

"ते मला माहीत आहे," पंच म्हणाला. त्यानं दार लावून घेतलं. आपटलं नाही, कडी लागल्याचा आवाज मात्र बाहेर आला.

घरी बायकोनं विचारलं तेव्हा त्यांनी शब्द न् शब्द सांगितला. ती म्हणाली, "बरोबर बोलले ते." मग म्हणाली, "पण अर्जात एक गोष्ट त्यांची आहे आणि दोन गावाच्या आहेत." चष्मेवाले त्यावर दोन दिवस विचार करत राहिले. तिसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यांनी निलंबनाचं कलम खोडलं, बाकी दोन नव्या कागदावर उतरवली आणि पुन्हा अकरा जणांकडे सहीला निघाले. या वेळी नऊच मिळाल्या. ती नऊ नावं त्यांनी टपालात टाकली. उत्तर आलेलं नाही.

पंच वर्ष संपल्यावरही परतला नाही. त्याचं बघून आणखी दोघांनी शिट्टी खाली ठेवली, आणि आता खालच्या गटातले सामने पंच मिळेपर्यंत अर्धा अर्धा तास थांबतात. तेवढा वेळ गॅलरी संघटनेला शिव्या देत बसते. चष्मेवाले पलीकडच्या बाजूला, गोलरेषेच्या अगदी सरळ रेषेत, उन्हात एकटे बसलेले असतात.